अजब बंगल्यात काय पाहावे?

नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात मध्यवर्ती संग्रहालय आहे. त्याची स्थापना १८६३ साली झाली. नागपूरचे लोक मात्र त्याला 'अजब बंगला' म्हणूनच ओळखतात.

शाळांच्या सहली येथे नेहमी येतात. मुले आत शिरली, की प्रथम पेंढा भरलेल्या प्राण्यांकडे धावतात. मग तलवारी आणि बंदुका. भांडी, दागिने, विणलेली वस्त्रे यांच्यापुढून रांग न थांबता पुढे सरकते. "हे तर घरीसुद्धा असते," असे कोणीतरी म्हणतो. मला वाटते, जे घरी असते किंवा कालपर्यंत घरी होते, तेच येथे सर्वांत जास्त वेळ पाहावे.

एका सहलीत आमच्या वर्गातील एक मुलगा एका वस्त्रापुढे थांबला. तो म्हणाला, "सर, हा काठ वेगळ्या धोट्याने विणला आहे. माझे दादा असेच विणत असत." उर्दूत दादा म्हणजे वडिलांचे वडील. मराठीत दादा म्हणजे मोठा भाऊ. त्यामुळे मी क्षणभर गोंधळलो. पण खरी लाज वेगळ्याच गोष्टीची वाटली. इतकी वर्षे मी मुलांना येथे आणत होतो आणि मला हे ठाऊक नव्हते.

घरी येऊन मी माहिती मिळवली. विदर्भातील करवत काठी साडी टसर रेशमाची असते. टसरचे किडे ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढतात. या साडीच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. ती विणायला तीन धोटे लागतात. एक मधल्या भागासाठी आणि दोन दोन्ही काठांसाठी. प्रत्येक ओळीला काठाचा धागा आणि मधला धागा एकमेकांत अडकवावा लागतो. घाई केली, की दात बिघडतो.

नागपूर व कामठी येथे कोष्टी, हलबा आणि उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर पिढ्यान्‌पिढ्या हातमाग चालवत आले. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे यंत्रमाग आले. स्वस्त कापडापुढे हातमाग टिकणे कठीण झाले. त्या मुलाच्या दादांचा मागही विकला गेला होता. आमच्या भाषांत मात्र तो धंदा अजून शिल्लक आहे. कारागीर, रेशीम, जरी, नक्षी हे मराठी शब्द फारसीतून आलेले आहेत. उर्दू शिकणाऱ्या मुलांना ते परके वाटत नाहीत.

संग्रहालयात वस्तूखाली बहुधा एक लहानशी पाटी असते. वस्तूचे नाव, गाव, काळ. माझ्या मते एवढे पुरेसे नाही. वस्तू कोणत्या हत्याराने केली, किती दिवस लागले, हेही तेथे लिहावे. शक्य असेल तर महिन्यातून एक दिवस विणकरालाच माग घेऊन तेथे बसवावे. दिल्लीच्या राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयात कारागिरांना बोलावून लोकांसमोर काम करू देण्याची प्रथा पडली होती. कोणी म्हणेल, माणसाला प्रदर्शनात बसवणे बरे दिसत नाही. ही शंका योग्य आहे. म्हणून त्याला त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्यावी, त्याने विणलेले कापड तेथेच विकू द्यावे आणि मुलांना त्याला प्रश्न विचारू द्यावेत.

तोपर्यंत आम्ही एक केले आहे. आता सहलीच्या आधी मुले घरातील वडीलधाऱ्यांना कामाच्या हत्यारांची नावे विचारून वहीत लिहून आणतात. गेल्या सहलीत एका मुलीच्या वहीत धोटा, फणी, ताणा, बाणा अशी अकरा नावे होती. त्यांतील चार मला तिलाच विचारावी लागली.