एक्स-रे यंत्रातला पातळ पत्रा

ईटसारख्या गावातून एक्स-रेसाठी भूम किंवा बार्शीला जावे लागते. जाण्याआधी घरात दोन सल्ले हमखास मिळतात. दादी म्हणते, “त्या किरणांनी कॅन्सर होतो, नको.” मामू म्हणतात, “काढून टाका, शंका नको.” दोन्ही टोके चुकीची आहेत.

छातीच्या एका एक्स-रेतून फार तर ०.१ मिलिसिव्हर्टच्या आसपास किरणे मिळतात. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला एक्स-रे भीतीपोटी टाळू नका. मात्र गरजेपेक्षा जास्त किरणेही घेऊ नका.

किती किरणे लागतील, हे यंत्र कशाचे बनले आहे यावरही ठरते. नळीतून निघणारी कमजोर किरणे शरीर पार करत नाहीत. ती फोटोच्या कामाची नसतात, नुसती अंगात मुरतात. त्यांना अडवण्यासाठी नळीच्या तोंडाशी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. टेबलाचा पृष्ठभाग कार्बन फायबरचा असेल तर किरणे त्यातून सहज पार होतात, त्यामुळे यंत्राला कमी सोडावी लागतात. फिल्मला लागून चमकणारा पडदा असतो. १८९६ साली मायकेल पुपिन यांनी अमेरिकेत असा पडदा वापरला आणि तासाभराचे काम काही सेकंदांवर आले. पुढे गॅडोलिनियमसारख्या धातूंच्या पडद्यांनी किरणे आणखी कमी केली.

हे सारे आपल्याला उघडून पाहता येत नाही. पण केंद्राकडे मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे का, हे विचारता येते. १९८३ साली स्थापन झालेले हे मंडळ अशा यंत्रांवर देखरेख ठेवते.

बाकीचे आपल्या हातात आहे. छातीच्या एक्स-रेआधी तावीज, साखळी आणि जरीचे कपडे काढा. धातूची सावली फोटोत आली तर तो पुन्हा काढावा लागतो, म्हणजे किरणे दुप्पट. कपडे बदलताना बाई कर्मचारी मागायला संकोच करू नका. पाळी चुकली असेल तर बहू-बेटींनी ते आधीच सांगावे. सासूसमोर बोलवत नसेल तर तंत्रज्ञांना एकट्याने सांगा. आणि जुने फोटो पिशवीत घेऊन जा. कधी कधी नवा काढायची गरजच पडत नाही.