विहीर एकाची, पाणी सर्वांचे

ज्याची जमीन त्याची विहीर, आणि ज्याची विहीर त्याचे पाणी, अशी समजूत आपल्याकडे फार दिवसांपासून चालत आली आहे. वरवर पाहता ती न्यायाची वाटते. ज्याने पैसा खर्चून आणि घाम गाळून कातळ फोडला, त्याने त्या पाण्याचा मनसोक्त उपभोग का घेऊ नये? परंतु जमिनीच्या पोटात शेतांचे बांध नसतात. डोंगरावर पडलेला पाऊस मातीत मुरतो, खडकांच्या भेगांतून झिरपतो आणि दूरच्या विहिरीत प्रकट होतो. म्हणूनच एकाने खोल विंधन विहीर घेऊन रात्रंदिवस उपसा केला, तर शेजाऱ्याची विहीर आटते. मग शेजारी त्याहून खोल जातो. या चढाओढीत आधी गरिबाची विहीर कोरडी पडते आणि अखेरीस सर्वांचीच.

आताच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने ही चढाओढ थांबविली. तेथे वर्षाकाठी सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. एके काळी तेथील डोंगर उघडेबोडके होते आणि लोक पोटासाठी गाव सोडून जात. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढील काही वर्षांत गावकऱ्यांनी श्रमदान केले, डोंगरउतारावर समतल चर खणले, झाडे लावली, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. पाणी जमिनीत मुरू लागले.

पाणी अडविण्याची कामे अनेक गावांनी केली आहेत. परंतु वाढलेले पाणी थोड्याच लोकांनी उपसून नेले, तर सर्वांचे श्रम वाया जातात. हिवरे बाजारने हे वेळीच ओळखले. शेतीसाठी विंधन विहीर घ्यायची नाही आणि ऊस, केळी यांसारखी फार पाणी पिणारी पिके लावायची नाहीत, असे गावाने ठरविले. तेथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती आहे, हे मोजून ग्रामसभेपुढे ठेवतात. माणसांच्या व गुराढोरांच्या पिण्याचे पाणी प्रथम राखून ठेवले जाते, आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची ते ठरते.

कोणी म्हणेल, उसाला पैसा अधिक मिळतो. तो लावण्याची मनाई हा शेतकऱ्यावर अन्याय नव्हे काय? परंतु एकाच्या स्वातंत्र्यामुळे दुसऱ्याच्या घरातील हंडा रिकामा राहत असेल, तर त्याला मर्यादा हवीच. दुसरा म्हणेल, हे काम सरकारचे आहे. महाराष्ट्राने २००९ साली भूजलाचा कायदा केला, आणि तो आवश्यकच आहे. तथापि गावोगावच्या प्रत्येक विहिरीवर पहारा कोण ठेवणार? नियम जेव्हा गावानेच केलेला असतो, मोजमाप सर्वांसमक्ष होते आणि श्रीमंतालाही तोच नियम लागू असतो, तेव्हा शेजारीच शेजाऱ्याचा पहारेकरी होतो.

हिवरे बाजार हे लहान गाव आहे; मोठ्या गावात एकमत होणे अधिक कठीण, हे खरे. परंतु मोजणी कोठेही करता येते. गावात पाणी किती आहे हे सर्वांना ठाऊक झाले, म्हणजे ते कसे वाटावे याचा विचार सुरू होतो. समाईक धन राखण्याची पहिली पायरी हीच होय.