रेबीजचे सिरम जत तालुक्यातच मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सांगली
(मार्फत : मा. तहसीलदार, जत)

महोदय,

विषाणूमुळे होणारे, मेंदूला सूज आणणारे आजार अनेक आहेत. जपानी मेंदूज्वर डासांमुळे होतो. १९६५ मध्ये नागपूर भागातील चांदीपुरा येथे सापडलेला विषाणू वाळूमाशी पसरवते. त्यांतून काही रुग्ण वाचतात. रेबीज हाही मेंदूज्वरच, पण त्याची लक्षणे दिसू लागली की मोठ्या इस्पितळातही सहसा इलाज उरत नाही. जे करायचे ते चावा झाल्याबरोबर. आमचे गाऱ्हाणे तेवढ्याच वेळेचे आहे.

लस टोचल्यावर शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला सात ते चौदा दिवस लागतात. तोवर विषाणू नसांवाटे मेंदूकडे सरकत असतो. चावा तोंडावर किंवा मानेवर असेल तर वाट जवळची, आणि लहान मुलांना चावा अनेकदा तिथेच बसतो, कारण त्यांचे तोंड कुत्र्याच्या टप्प्यात असते. खोल जखमेत म्हणूनच लसीसोबत सिरम, म्हणजे तयार प्रतिपिंडे, लागते. ते जखमेत आणि भोवती टोचतात. पहिल्या लसीनंतर सात दिवस उलटले की त्याचा उपयोग नाही. आमच्या भागात सिरम म्हटले की मिरज-सांगलीची चिठ्ठी हातात पडते. उमदीहून मिरज शंभर किलोमीटरच्या पुढे. रोजगार बुडवून, लेकराला घेऊन तिकडे जाणे ज्याला जमत नाही तो जखमेत चुना-मिरची भरतो. त्याला अडाणी म्हणण्याआधी कोणी एसटीचे वेळापत्रक पाहावे.

तरी जतच्या ग्रामीण रुग्णालयात आणि पूर्व भागासाठी उमदी किंवा संख येथे सिरम रात्रंदिवस उपलब्ध असावे, वीज गेली तरी ते थंड राहील अशी सोय असावी. ही आमची मुख्य मागणी.

कातडीत टोचायची लस एका वायलमधून अनेकांना पुरते, पण फोडलेली वायल काही तासांतच वापरावी लागते. म्हणून चार रुग्ण जमेपर्यंत थांबवले जाते. एका रुग्णासाठीही वायल फोडावी, वाया गेलेल्या लसीबद्दल डॉक्टरांना जाब विचारू नये, असा लेखी आदेश द्यावा.

डोस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात. मेंढपाळ अठ्ठाविसाव्या दिवशी कोणत्या शिवारात असेल, हे त्यालाही ठाऊक नसते; ऊसतोडीला गेलेल्यांचेही तेच. कार्ड पाहून कोणत्याही आरोग्य केंद्राने पुढचा डोस द्यावा. सीमेपलीकडच्या विजयपूर व बेळगाव जिल्हा प्रशासनाशीही याबाबत बोलावे.

जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुण्याची सूचना मराठीसोबत कन्नडमध्येही लावावी. टँकरच्या गावात वाहते पाणी कुठले, हे आपणांस सांगायला नको. पण घागर रिकामी झाली तरी चालेल, असे त्यावर लिहावे.

रेबीजच्या काही रुग्णांत पाण्याची भीती दिसत नाही, अंग लुळे पडत जाते, आणि निदान हुकते. मेंदूज्वराच्या प्रत्येक संशयित रुग्णाच्या घरच्यांना चाव्याबद्दल विचारण्याची व नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे पाठवण्याची सक्ती असावी. वाड्यावस्त्यांवरील राखणीच्या कुत्र्यांना पशुसंवर्धन विभागाने जागेवर येऊन लस टोचावी.

कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचा केंद्राचा आराखडा २०२१ मध्येच जाहीर झाला आहे. जत तालुक्यात सिरम कोणत्या तारखेपासून मिळेल, ते पंधरा दिवसांत लेखी कळवावे.

आपले,
जत पूर्व भागातील पालक, मेंढपाळ व ग्रामस्थ

प्रत : जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, सांगली