सही होती, वासारी नव्हता

जऊळक्याहून शिरपूर जैन जवळच. अंतरिक्ष पार्श्वनाथाचं तिथलं जुनं दगडी देऊळ पाहून परतताना एक ठरावीक शेरा कानी येतो: काम सुरेख, पण केलं कुणी? इटलीत मायकेलअँजेलो झाला, आपल्याकडे सगळे अनामिक. त्याचं तत्त्वज्ञानही तयार असतं. म्हणे आपल्या संस्कृतीनं ‘मी’पणाच नाकारला होता.

हा पूर्वपक्ष दोन्ही पायांनी लंगडा आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर ती कण्हदास सोनारानं केल्याचं कोरलेलं आहे. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात कण्हाचा शिष्य बलक आपलं नाव सांगतो. दोन्ही लेख दोन हजार वर्षांपूर्वीचे. पुढे कर्नाटकात होयसळांचा मल्लितम्मा मूर्तींवर बिनदिक्कत सह्या करतो. उलट मायकेलअँजेलोनं उभ्या आयुष्यात सही केली ती एकट्या ‘पिएता’वर, तीसुद्धा लोक ते काम दुसऱ्याचं समजत होते म्हणून, असं त्याचा चरित्रकार वासारी सांगतो. ‘डेव्हिड’वर सही नाही.

चारदोन नावांनी काय सिद्ध होतं, असं कोणी विचारील. इतकंच, की नाव कोरायला धर्माची आडकाठी नव्हती. मग बाकीची नावं गेली कुठे? आपल्या वाशिमचंच घ्या. वत्सगुल्माच्या, म्हणजे वाशिमच्याच, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव. अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्यातला त्याचा लेख राजाची वंशावळ सांगतो, दानाचं पुण्य सांगतो. छिन्नी धरणाऱ्याबद्दल चकार शब्द नाही. याला निरहंकार म्हणायचं? वराहदेवाला स्वतःचं नाव चांगलंच हवं होतं!

पैसा इटलीतही आश्रयदात्याचाच होता, पोपचा. दुसऱ्या ज्युलियसच्या थडग्याचं काम 1505 ते 1545 रखडलं, त्यातल्या काही मूर्ती राफाएल्लो दा मोंतेलुपोनं पुऱ्या केल्या. तरी थडगं ओळखलं जातं मायकेलअँजेलोच्या नावानं. कारण 1550 साली वासारीनं आणि 1553 साली कोंदिवीनं त्याच्या हयातीतच त्याची चरित्रं लिहिली, आणि दोघेही स्वतः चित्रकार होते. हुन्नरवाल्याचं चरित्र हुन्नरवाल्यानं लिहिलं. आपल्याकडे छिन्नी एका जातीच्या हाती आणि लेखणी दुसरीच्या, आणि दुसरीला पहिलीचं कौतुक नव्हतं.

1896 साली जे. जे. स्कूलच्या गणपतराव म्हात्र्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ घडवली. दोनेक वर्षांत रवींद्रनाथ ठाकुरांनी तिच्यावर बंगालीत लेख लिहिला. संस्कृती तीच होती. मध्ये फक्त छापखाना आला होता.