पडद्याच्या खोक्यावर खरा आकडा छापावा

मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली यांस,



मालाचा दर्जा व प्रमाण यांची माहिती मिळण्याचा जो हक्क २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकास दिला, त्याच्या रक्षणार्थच आपले प्राधिकरण अस्तित्वात आले असल्याने, टीव्ही व मॉनिटर यांच्या विक्रीत रूढ झालेली एक प्रथा आपल्या नजरेस आणण्यासाठी हा पत्रप्रपंच.

२०२० साली आलेले प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स हे कन्सोल काही खेळांत सेकंदास १२० चित्रे पाठवू शकतात. त्यांचा लाभ पदरात पडावयाचा तर पडदाही सेकंदास तितक्याच वेळा ताजा होणारा हवा. परंतु खोक्यावर ‘मोशन रेट १२०’ असे ठळक ठशात छापलेले असताना आतील पॅनेल पुष्कळदा ६० हर्ट्झचेच, म्हणजे सेकंदास ६० वेळाच ताजे होणारे, निघते, कारण तो आकडा दोन चित्रांच्या मध्ये कृत्रिम चित्रे रचण्याच्या प्रक्रियेचा असतो, आणि ती प्रक्रिया तर खेळताना बंदच ठेवावी लागते, एरवी बटण दाबल्यापासून पात्र उडी मारीपर्यंतचा विलंब वाढून खेळाची सारी गोडी जाते. केवळ बातम्या व मालिका पाहणाऱ्या कुटुंबास ६० हर्ट्झ पुरेसे आहेत, हे मी आग्रहाने सांगेन. पण हप्त्याने पैसे फेडून मुलासाठी १२० चा संच घेणाऱ्यास १२० च मिळाले पाहिजेत.

जोडणीचा घोळ याहून बिकट आहे. कन्सोल ज्या एचडीएमआय छिद्रातून पडद्याला जोडतात, त्याच्या २.१ या आवृत्तीची कमाल क्षमता सेकंदास ४८ गिगाबिट, तर २.० ची १८, मात्र २.१ मधील बहुतेक सोयी परवाना देणाऱ्या संस्थेने ऐच्छिक ठेविल्यामुळे, नुसत्या ‘२.१’ या अक्षरांवरून ४के चित्र १२० हर्ट्झने उमटेल अशी खात्री धरता येत नाही. कित्येक संचांत चारांपैकी दोनच छिद्रे पूर्ण क्षमतेची, आणि त्यांतील एकावर ‘ईआर्क’ (आवाज साउंडबारकडे नेण्याची सोय) लिहिलेले, म्हणजे साउंडबार लावला की कन्सोलला एकच उरते. दुकानात संच भिंतीवर टांगलेला असल्याने पाठीमागची ती बारीक अक्षरे ग्राहकाच्या दृष्टीसही पडत नाहीत. मॉनिटरच्या बाबतीत १४४ हर्ट्झ हा आकडा पुष्कळदा डिस्प्लेपोर्ट या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीपुरता खरा असतो, आणि या कन्सोलना डिस्प्लेपोर्टच नाही. ४के मॉनिटरचे एचडीएमआय २.० असेल तर पूर्ण रेखीवपणाचे चित्र ६० वरच थांबते.

सबब विनंती अशी की, ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या तारांकित लेबलाप्रमाणे खोक्याच्या दर्शनी बाजूस पॅनेलचा खरा रिफ्रेश रेट आणि प्रत्येक छिद्रातून किती रेखीव चित्र सेकंदास किती वेळा येते हे छापण्याविषयी आपण मार्गदर्शक तत्त्वे जारी करावीत, व ‘मोशन रेट’सारखा आकडा छापावयाचाच झाल्यास तो खऱ्या आकड्याहून लहान ठशात असावा. खेळण्यासाठीच्या ‘गेम मोड’मधील विलंबाचा आकडाही छापला जावा. तथापि तो मोजण्याची एकच रीत आधी ठरली पाहिजे, तेव्हा ते काम भारतीय मानक ब्यूरोकडे सोपविण्याची तजवीज व्हावी.

कळावे,
एक ग्राहक