खेळाच्या संगणकाची निवड

दिवाळीच्या सुटीनंतर इयत्ता दहावींतील एक विद्यार्थी कागदाचें चिटोरें घेऊन माझ्याकडे आला. त्यावर संगणकाच्या सुट्या भागांची यादी होती व बेरीज दोन लक्षांच्या वर गेली होती. कपाशीचे पैसे आले म्हणजे वडील देतील, असें तो म्हणाला. निम्म्याहून अधिक रक्कम एकट्या ग्राफिक्स कार्डास लागली होती. वीज पुरविणारा भाग, ज्यास दुकानदार पॉवर सप्लाय म्हणतात, शेवटच्या ओळींत उरल्यासुरल्या पैशांत उरकला होता.

असल्या हौसेची चेष्टा करणाऱ्यांपैकीं मी नाहीं. तेंच यंत्र उद्यां घरांचे नकाशे व चलच्चित्रें तयार करण्याच्या कामीं येईल, हें पालकांनींही लक्षांत घ्यावें. माझा आक्षेप खेळास नसून निवडीच्या रीतीस आहे. आमचीं मुलें ज्या चित्रफिती पाहून याद्या करतात, त्या बहुधा वातानुकूलित खोल्यांत घेतलेल्या असतात. नशिराबादचा मे महिना त्या सांगणाऱ्यांनीं काढलेला नाहीं! पंखा वारा घालतो, वारा थंड करीत नाहीं. खोलींतील हवा 42 अंशांवर असतां कॅबिनेटच्या आंतील कोणताही भाग पंख्याच्या बळावर त्याहून थंड होणें शक्य नाहीं. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोंचला म्हणजे स्वसंरक्षणार्थ आपली गति आपणच कमी करतो. मग ज्या वेगासाठीं पैसे मोजले तो ऐन सुटींत हातीं लागत नाहीं. 2025 सालीं निघालेलें आरटीएक्स 5090 हें कार्ड 575 वॅटपर्यंत वीज घेतें, आणि घेतलेली बहुतेक सारी वीज उष्णता होऊन त्याच खोलींत उतरते. त्याच्यासाठीं 1000 वॅटचा पॉवर सप्लाय घ्या, असें कारखानदारच सांगतो. शिवाय धूळ आहेच. जाळी काढून धुतां येईल असें कॅबिनेट आम्हांस हवें, रंगीत दिवे नसले तरी चालेल.

भुसावळजवळ दीपनगरास वीज तयार होते, म्हणून आमच्या घरचे दिवे जात नाहींत, असें कोणी समजूं नये. दहा वर्षांपूर्वीं मीं स्वतः पॉवर सप्लायांत दीड हजार रुपये वांचविले. वैशाखांतल्या एका वादळांत वीज दोनदां गेली आणि आली, व त्या स्वस्त भागानें मदरबोर्ड व हार्ड डिस्क दोन्हीं सोबत नेलीं. वर्गासाठीं तयार केलेलीं सात वर्षांचीं टिपणें त्यांत गेलीं. दुकानदारास दोष काय देणार, मागितलें तें त्यानें दिलें.

सर्वांत मोठा भाग विकत घेणें म्हणजे निवड नव्हे. पुण्यास 1988 सालीं सी-डॅक ही संस्था निघाली. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, तेव्हां डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तेथील मंडळींनीं ट्रान्सप्युटर नांवाचे लहान प्रोसेसर एकत्र जोडून 1991 सालीं ‘परम 8000’ सिद्ध केला. एकेकटा ट्रान्सप्युटर बेताचाच. पण प्रत्येकास शेजाऱ्यांशीं बोलण्यासाठीं चार दुवे होते, आणि खरी करामत त्या जुळणींत होती. घरच्या यंत्राचेंही तसेंच आहे. मॉनिटर सेकंदास 60 चित्रें दाखवीत असतां कार्डानें 144 तयार करून काय साधलें? 32 जीबीची एक रॅमपट्टी घेण्यापेक्षां 16 च्या दोन घ्याव्या, म्हणजे प्रोसेसरास दोन वाटांनीं माहिती मिळते.

हें सर्व त्या मुलास सांगितलें. दुसऱ्या दिवशीं तो वडिलांना घेऊन आला. त्यांनीं यादी शांतपणें ऐकून घेतली व एकच प्रश्न विचारला: “गुरुजी, यांतला कोणता भाग मागाहून घेतला तर चालतो?” इतका मार्मिक प्रश्न मला स्वतःला कधीं सुचला नव्हता. मीं कार्डाकडे बोट दाखविलें. ज्या प्रोसेसरांत चित्रें दाखविण्याची जुजबी सोय असते, तो घेतल्यास कार्डाविना यंत्र सुरू होतें. पॉवर सप्लाय, कॅबिनेट व मदरबोर्ड मात्र प्रथमच नीट घ्यावे लागतात, कारण ते बदलणें म्हणजे सारें यंत्र पुन्हां उकलणें. मुलाचें तोंड उतरलें, हें सांगावयास नको.

त्याच्या घरीं सध्यां यंत्र चालू आहे, यूपीएसही बसविला आहे. कार्डाची जागा रिकामी आहे. ती पुढल्या कपाशीवर भरावयाची, असें बापलेकांत ठरलें आहे.