वाऱ्याचा डोळा आणि आपली हौस

नॉर्वेजियन भाषेत खिडकीला ‘विंदऔगे’ असा शब्द आहे. ‘विंद’ म्हणजे वारा, ‘औगे’ म्हणजे डोळा. एवढे कळले की आमच्यातील काही रसिक अध्यापक सद्गदित होतात. ‘वाऱ्याचा डोळा’! जणू त्या हिमप्रदेशाचा आत्माच हाती लागला. दुसरा पंथ ‘गवाक्ष’ आणि ‘वातायन’ पुढे करून हा शब्द मुळात आपलाच, असे जाहीर करून मोकळा होतो. आम्हांस हे दोन्ही पंथ सारखेच आळशी वाटतात.

आत्म्याचे आधी पाहू. प्राचीन नॉर्समध्ये ‘औगा’ हा शब्द डोळ्याइतकाच भोकालाही लागत असे. सुईच्या नेढ्याला आणि जात्याच्या तोंडालाही. उसाच्या पेरावर आपणही डोळा पाहतो, पण त्याला दिसते काय, असे कोणी विचारीत नाही. काच येण्यापूर्वीच्या घरात हवेसाठी ठेवलेले भोक, इतकाच हा ऐवज. शिवाय ‘विंदऔगे’ हे रूप न्यूनॉर्स्कमधले. बहुसंख्य नॉर्वेजियन लिहितात ती बुकमॉल, आणि तिच्यात डॅनिश ‘विंदुए’च्या वळणाचा ‘विंदू’ आहे, ज्यातला डोळा केव्हाच झिजून गेला. (या ‘विंदू’ला इंग्रजी ‘विंडो’चा अपभ्रंश समजणारे तर उलटी गंगा वाहवतात, इंग्रजीनेच तो शब्द नॉर्स लोकांकडून उचलला.) शेजारचा स्वीडिश माणूस त्याच बर्फात राहतो आणि लॅटिन ‘फेनेस्त्रा’वरून आलेला ‘फेन्स्टर’ उघडतो. त्याला आत्मा नाही की काय?

आता आपलेपणाचा दावा. ‘वात’ आणि ‘विंद’, ‘अक्षि’ आणि ‘औगे’ ही एकाच इंडो-युरोपीय मुळांची अपत्ये आहेत, हे आम्हांस मान्यच आहे. पण विटा एका भट्टीतल्या म्हणून घर एक होत नाही. ‘वातायन’ म्हणजे वाऱ्याची वाट. त्यात डोळा नाही. ‘गवाक्ष’ म्हणजे बैलाचा डोळा. त्यात वारा नाही. दोन वेगळ्या समासांतले सोयीचे अर्धे अर्धे तुकडे जोडून तिसऱ्याचे पितृत्व सांगणे याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. तरीही हट्ट असेलच, तर नॉर्वेला पोचेपर्यंत बैल वाटेत कोठे सुटला, तेवढे या मंडळींनी आम्हांस सांगावे.